आवाज आधी, चित्र मागून

भारतीय माणसाने केलेल्या अगदी पहिल्या चित्रणांपैकी एक कुस्तीचे आहे. १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची लढत टिपली. आपल्याकडचा माहितीपट जन्मला तो असा, गावातल्या खेळातून. आज परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही यात्रेत कुस्त्यांचा फड रंगला की शेकडो मोबाइल वर होतात, आणि त्यातून जे बाहेर पडते ते जवळपास एकसारखे असते: पट काढला, पाठ लागली, गुलाल उधळला. या तुकड्यांत कुस्ती दिसते, फड दिसत नाही. सकाळी नारळावर लागणाऱ्या पोरांच्या जोड्या, जोड तोलामोलाची आहे की नाही यावरून पंचांची चाललेली हुज्जत, कुस्ती अडली की हलगीवाल्याने बदललेली लय, हे सगळे कापले जाते. सर्वांत मोठे नुकसान होते ते पुकाराचे. पुकारणारा पैलवानाचे नाव घेतो, गाव सांगतो, तालीम आणि वस्ताद सांगतो, इनाम कोणी आणि कोणाच्या स्मरणार्थ ठेवले तेही सांगतो. तालुक्याच्या कुस्तीचा इतिहास जर कुठे तोंडी नोंदला जात असेल तर तो इथे. संकलनाच्या टेबलावर नेमका तोच आवाज बंद होतो आणि त्या जागी तयार ढोल-ताशाचे संगीत चढते.

ही चूक एका संकलकाची म्हणून सोडून देता येत नाही, कारण स्थानिक इतिहासावरच्या आपल्या बहुतेक माहितीपटांची रीतच ती झाली आहे. चित्र म्हणजे पुरावा आणि आवाज म्हणजे सजावट, असे आपण गृहीत धरले आहे. परभणीसारख्या जिल्ह्यात हे गृहीतक मुळातच टिकत नाही, कारण इथल्या विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या घडामोडीची हलती चित्रे जवळपास नाहीत. परभणी तेव्हा ज्या हैदराबाद संस्थानात होते, तिथे भारतीय सैन्य १३ सप्टेंबर १९४८ रोजी शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्या कारवाईची जी दृश्ये आणि छायाचित्रे पुन्हा पुन्हा दिसतात ती रणगाड्यांची, सेनाधिकाऱ्यांची आणि राजधानीची आहेत. जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या बाजूला निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धाकात काढलेल्या रात्री कोणी चित्रित करणार तरी कसे?

मग दरवर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या सुमारास जे लघुपट फिरतात त्यांत ही पोकळी कशाने भरली जाते ते पाहावे. आरंभी गोदावरीवरून किंवा एखाद्या गढीवरून ड्रोन फिरतो. मग भाड्याच्या पोशाखातले घोडेस्वार मशाली घेऊन धावतात. निवेदकाचा स्वर वक्तृत्व स्पर्धेतला असतो. ज्याने काही पाहिले, सोसले किंवा घरात ऐकले, तो माणूस अर्ध्या मिनिटासाठी येतो, अभिमान वाटतो असे सांगतो आणि जातो. त्याने तासभर सांगितले असेल, तर त्यातल्या गावांच्या नावांना, कोणी धान्य दिले आणि कोणी दार लावून घेतले या तपशिलांना जागा मिळत नाही. याला माहितीपट म्हणणे मला अवघड वाटते. हा गौरवपट आहे. गौरव करण्यात गैर काही नाही, पण ज्याचा गौरव करायचा त्याने नेमके काय केले हे प्रेक्षकाला कळले पाहिजे. वसमतच्या महाविद्यालयाला या मुक्तिसंग्रामातले हुतात्मा बहिर्जी यांचे नाव आहे. ते नाव रोज उच्चारणाऱ्या विद्यार्थ्याला बहिर्जींबद्दल दोन वाक्यांपलीकडे सांगता आले नाही, तर दोष त्या विद्यार्थ्याचा नाही.

जिल्ह्याची आजची हद्द हाही इथे एक सापळा आहे. हैदराबाद संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला भरले, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, १९८१ पासून ते जालन्यात आहे. वसमत आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळ्या जिल्ह्यात गेले. नव्या नकाशावर जुना इतिहास बसवला की परभणीच्या लघुपटातून परतूर गळते आणि जालन्याच्या लघुपटात ते पाहुण्यासारखे येते. त्यात संस्थानकाळातल्या कागदांची भाषा उर्दू. कारभार आणि वरचे शिक्षण दोन्ही त्या भाषेत होते, उस्मानिया विद्यापीठ तर उर्दू माध्यमातच सुरू झाले. तरीही उर्दू वाचणारा माणूस चित्रपथकात घेणे अजून कोणाला गरजेचे वाटत नाही, आणि परभणीत असा माणूस शोधायला फार लांब जावे लागत नाही.

चित्र नसताना चित्रपट कसा करायचा, याचे उत्तर जगाने दिलेले आहे. क्लोद लांझमन यांचा ज्यूंच्या संहारावरचा ‘शोआ’ (१९८५) नऊ तासांहून मोठा आहे आणि त्यात जुन्या चित्रणाची एकही चौकट नाही. माणसे बोलतात आणि कॅमेरा आजची ती जागा दाखवतो, एवढेच. पीटर जॅक्सन यांचा पहिल्या महायुद्धावरचा ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ (२०१८) रंगवलेल्या चित्रांमुळे गाजला, पण तो उभा आहे सैनिकांच्या आवाजावर, आणि ते आवाज बीबीसी आणि ब्रिटनच्या युद्धसंग्रहालयाने कित्येक दशके आधी ध्वनिमुद्रित करून जपले म्हणून मिळाले. ज्यांनी ते नोंदले त्यांच्यासमोर हा चित्रपट नव्हता. आपल्याकडे आनंद पटवर्धन यांनी ‘जय भीम कॉम्रेड’साठी चौदा वर्षे घेतली. मुंबईच्या रमाबाई नगरात १९९७ मध्ये दलितांवर झालेल्या पोलीस गोळीबारापासून सुरू होणारा तो चित्रपट शाहिरांच्या गाण्यांना पुराव्याचा मान देतो.

आणि परभणी जिल्ह्यातलाच दाखला हवा असेल तर ताडकळसचा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आहे. सीतेच्या वनवासाच्या ओव्या गाताना एका टाकलेल्या बाईचे जिणे त्या आवाजात ज्या स्पष्टपणे उमटते, तसे कुठल्याही नाट्यरूपांतरातून उमटणार नाही. सोबत दृश्य काही नसले तरी ऐकणारा जागचा हलत नाही. साधे ध्वनिमुद्रण, पण ते वेळेवर झाले आणि नीट सांभाळले गेले.

यावर पहिला आक्षेप इतिहासकारांचा असतो: आठवण फसवते, माणूस नंतर वाचलेले स्वतः पाहिल्यासारखे सांगतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच आठवण अर्ध्या मिनिटात कापण्यापेक्षा पूर्ण ऐकली पाहिजे. दोन माणसांनी एकच रात्र दोन प्रकारे सांगितली तर दोन्ही कथने पडद्यावर ठेवावीत, शेजारी कागद ठेवावा आणि कुठे जुळत नाही ते सांगावे. अनंत भालेराव यांचे ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हे पुस्तक प्रश्नावली तयार करायला हाताशी आहेच. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: साक्षीदार उरले कुठे? १९४८ मध्ये पंधरा वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदी ओलांडून गेला आहे. पण आईने काय सांगितले, घर सोडून कोणत्या गावी राहिलो, परत आल्यावर काय सापडले नाही, हे मुलांना ठाऊक असते. ते ऐकीव आहे असे स्पष्ट सांगून नोंदवले तर त्याचे मोल कमी होत नाही.

जुन्या जखमा कशाला उकरायच्या, असेही विचारले जाते. हा प्रश्न बहुधा १९४८ च्या त्या लष्करी कारवाईनंतरच्या, म्हणजे ‘पोलीस कारवाई’नंतरच्या दिवसांविषयी असतो. रझाकारांचे अत्याचार जितके खरे, तितकीच त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर झालेली हिंसाही खरी. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडची नावे घेतली, आणि तो अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. परभणीचा माहितीपटकार या दोन्हीपैकी एकच बाजू ऐकून थांबला, तर ज्या शहरात तुराबुल हक यांच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक जातात, तिथल्या निम्म्या प्रेक्षकांना तो बाहेर उभे करतो. जखम उकरणे वेगळे आणि तिची नोंद ठेवणे वेगळे. नोंद नसली की अफवा ती जागा घेते.

पैशाचे कारण मात्र मी हलके मानत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी कॅमेरा चालवणारा लग्नसराईवर जगतो, आणि माहितीपटाचे काम देणारा म्हणजे एखादी संस्था, घराणे किंवा निवडणुकीतला उमेदवार असतो. पैसे देणाऱ्याला गौरव हवा असतो आणि तो पंधरा दिवसांत हवा असतो. अशा वेळी कलावंताला दोष देऊन भागत नाही. खेळाडूंच्या बाबतीतही हेच घडते. परभणीची ज्योती गवते २०१७ मध्ये मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. अंतिम रेषेवरचे छायाचित्र सगळीकडे छापून येते. धावण्याचा सराव, तो घेणारे, त्याला घरून आणि गावातून मिळालेली साथ किंवा विरोध, हे टिपायला वर्षानुवर्षे सोबत राहावे लागते, आणि त्या वर्षांचे पैसे कोणी देत नाही.

म्हणून मागणी चित्रपटाच्या आधीची करायला हवी: कच्चे चित्रण आणि ध्वनिमुद्रण ठेवायला जागा. चित्रणांच्या टंचाईचे दिवस आता संपले आहेत, पण ती जपण्याची सोय होती तिथेच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत राज्यघटनेच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर जे घडले त्याची किती चित्रणे किती फोनमध्ये आहेत, याची मोजदाद अशक्य आहे. १९४८ चे जवळपास एकही नाही, २०२४ ची अगणित, आणि वीस वर्षांनी दोन्हींची अवस्था सारखीच होण्याची भीती आहे, कारण फोन बदलतात आणि मेमरी कार्डे पुसून पुन्हा वापरली जातात. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय प्रत्येक तालुक्याच्या मुलाखती सांभाळू शकणार नाही. नांदेडचे विद्यापीठ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने चालते आणि परभणीची महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. इतिहास आणि मराठीच्या प्रत्येक विभागाने वर्षाला दहा माणसांचे अखंड ध्वनिमुद्रण, सांगणाऱ्याची लेखी संमती, तारीख, गावाचे त्या वेळचे आणि आजचे तालुका-जिल्हा, एवढे नोंदवून दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवल्या, तर खर्च एका मध्यम ड्रोनपेक्षा जास्त येणार नाही. विद्यार्थ्यांचे प्रकल्प दरवर्षी होतातच. त्यांच्या मूळ फायली कुठे जातात, हे प्रत्येक विभागप्रमुखाला विचारायला आता सुरुवात करावी.