सुई उचलण्याची जागा : ध्वनिमुद्रिका, श्रोता आणि खासगी अर्थ

१

एखादी ध्वनिमुद्रिका 'आवडती' आहे असे आपण म्हणतो तेव्हा ते विधान ध्वनिमुद्रिकेविषयी असते की आपल्या आयुष्याविषयी? समीक्षेच्या व्यवहारात हा प्रश्न सहसा विचारला जात नाही; कारण त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. विमसॅट आणि बीअर्डस्ली यांनी १९४९ साली परिणामनिष्ठ दोषाची मांडणी केली, त्यापूर्वीच मर्ढेकरांनी लयतत्त्वाच्या आधारे कलाकृतीचे सौंदर्य तिच्या अंतर्गत रचनेत शोधण्याची वाट आखली होती. या दोन्ही भूमिकांना श्रोत्याच्या आठवणी परक्या आहेत. एखादे गाणे ऐकताना कोणाला आजोळ आठवते, कोणाला परीक्षेचा काळ आठवतो. त्या गाण्याच्या मूल्याशी याचा संबंध नाही, असे त्यांचे सांगणे. ते पुष्कळ अंशी बरोबरच आहे. तरीही या उत्तरात काहीतरी निसटते असे प्रस्तुत लेखकाला दीर्घकाळ वाटत आले आहे. ते काय, याचा शोध एका विशिष्ट स्थळाच्या आणि दोन विशिष्ट ध्वनिमुद्रिकांच्या आधारे घेण्याचा हा प्रयत्न आहे.

स्थळ देवळाली कॅम्प. नाशिकजवळची ही लष्करी छावणी इंग्रजी कोशात एका शब्दाच्या रूपाने जाऊन बसली आहे. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत इथे महिनोन्‌महिने पडून राहत आणि त्या रिकामपणाने त्यांची डोकी फिरत. त्यावरून भ्रमिष्टपणाला 'डूलॅली' म्हणण्याचा प्रघात पडला. वाट पाहण्याच्या आजाराला नाव देणारे हे गाव. पुढे गोरे गेले. तोफखान्याचे शिक्षण देणारी शाळा, हवापालटाची आरोग्यधामे, फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे आणि बदलीवर येणारे-जाणारे सैनिक राहिले. बदलीच्या गावात माणसांपेक्षा वस्तू अधिक टिकाऊ ठरतात. जाणारा माणूस ट्रंकेत न मावलेले सामान शेजाऱ्याला देऊन जातो. आमच्या घरी तबकड्या आल्या त्या अशाच.

२

ध्वनिमुद्रणाने संगीताचे काय केले, याविषयी अडोर्नोने १९३४ साली एका छोट्या निबंधात मार्मिक विवेचन केले आहे. तबकडीमुळे संगीत ही प्रथमच मालकीची वस्तू झाली. छायाचित्रांच्या किंवा वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या वहीशी त्याने तिची तुलना केली. 'अल्बम' या शब्दाच्या इतिहासातच ही तुलना दडलेली आहे. दर बाजूस तीन-चार मिनिटांचे गाणे मावणाऱ्या जुन्या तबकड्या वहीसारख्या बांधलेल्या पाकिटांतून एकत्र विकल्या जात. त्या वहीला अल्बम म्हणत. १९४८ नंतर दीर्घ ध्वनिमुद्रिका आली आणि वही जाऊन नाव मात्र उरले.

परंतु दीर्घ ध्वनिमुद्रिकेने आणखी एक गोष्ट केली, ती म्हणजे क्रम घडवला. मैफलीत पुढचा राग कोणता हे श्रोत्याला ठाऊक नसते. ध्वनिमुद्रिकेच्या जुन्या श्रोत्याला एक गीत संपल्यावरच्या निःशब्द क्षणी पुढच्या गीताचा पहिला स्वर आतून ऐकू येऊ लागतो. याऊसने ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हटले ते इथे वाङ्मयप्रकाराच्या परंपरेतून येत नाही, तर त्याच एका वस्तूच्या पुनरावृत्तीतून येते. दोन गीतांमधली शांतता ही संगीतकाराने रचलेली नसते. ती श्रोत्याने भरलेली असते. खासगी अर्थ शिरतो तो बहुधा याच फटीतून.

३

पहिले उदाहरण १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेचे. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला यांतून काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस उभा करण्याची ही योजना. पहाटेच्या अहिरभैरवापासून सुरू झालेली ही वाटचाल पिलू, भूप, देस असे टप्पे घेत पहाडीत विसावते. रागसमयाचा संकेत इथे मोडलेला नाही. त्याचे कथानक केलेले आहे. प्रहर प्रत्यक्षात सरत नाहीत, रागांच्या क्रमातून ते सुचवले जातात, आणि अख्खा दिवस सुमारे चाळीस मिनिटांत मावतो.

ही ध्वनिमुद्रिका आम्ही बहुधा भर दुपारी ऐकत असू. बहुला किल्ल्याच्या बाजूला तोफांचा सराव चालू असला की खिडकीची तावदाने थरथरत. आजही पहाडी सुरू झाली की मला काश्मीर दिसत नाही. दारणेकाठची उन्हात पांढरी पडलेली माळजमीन दिसते आणि मन पुढच्या तोफेची वाट पाहू लागते. हा अनुभव मला अत्यंत प्रिय आहे. परंतु समीक्षक म्हणून मला कबूल केले पाहिजे की तो ध्वनिमुद्रिकेविषयी काहीही सांगत नाही. त्या दुपारी दुसरी कोणतीही तबकडी लागली असती तरी तोफा तिलाही चिकटल्या असत्या. हे निव्वळ साहचर्य आहे. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. अनुभव आपला किंवा परक्याचा म्हणून विशिष्ट देशकालात अडकून पडणे हे त्यांतले एक आणि स्वतःच्या सुखदुःखाच्या अधीन होणे हे दुसरे. पहाडी ऐकताना देवळालीच्या माळावर अडकून पडलेला हा श्रोता त्या शास्त्राच्या दृष्टीने सहृदय नव्हे, विघ्नग्रस्तच. गंमत अशी की सुखदुःखाधीनतेच्या विघ्नावर अभिनवगुप्ताने सांगितलेल्या उपायांत वाद्य आणि गान यांचाच समावेश आहे. ज्या औषधाने श्रोता स्वतःतून बाहेर पडायचा, तेच तबकडीच्या रूपाने त्याला स्वतःपाशी परत आणते.

४

दुसरे उदाहरण मात्र इतके सहज निकालात निघत नाही. ते 'गीतरामायणा'चे. ग. दि. माडगूळकरांची ही ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्यास एक या क्रमाने प्रसारित झाली. त्या वेळी वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे आवाज होते. पुढे ध्वनिमुद्रिकांचा जो संच घरोघरी पोचला त्यात मात्र सर्व गीते एकट्या फडके यांच्या स्वरात आहेत. राम, कैकेयी, शूर्पणखा, सीता यांची मनोगते एकाच पुरुषकंठातून येतात. कीर्तनकार सर्व भूमिका स्वतःच वठवतो ती परंपरा ओळखीची असल्याने कोणाला हे खटकले नाही.

आमच्या घरी हा संच लागे तेव्हा अखेरच्या तबकडीवर एक ठरलेली गोष्ट घडे. शेवटून दुसरे गीत सुरू होण्याआधी आई सुई उचले आणि शेवटच्या गीतावर ठेवी. ते वगळलेले गीत टाकून दिलेल्या सीतेचे आहे. त्याच्या आधीच्या गीतात सीता रामाजवळ डोहाळे पुरवण्याचे मागणे मागते. तिला पुन्हा वनाची ओढ लागली आहे. नंतरच्या गीतात वाल्मीकी कुशलवांना रामायण गाण्यास सांगतात. मधला दुवा ऐकलेलाच नसल्याने लहानपणी मी एक सरळ अर्थ लावला होता : रामाने डोहाळे पुरवले, सीतेला वनात राहायला मिळाले आणि म्हणून मुले आश्रमात वाढली. ईझर ज्या रिक्त जागांविषयी बोलतो त्या संहितेने ठेवलेल्या असतात. ही जागा माझ्या आईने ठेवली होती, आणि मी ती आनंदाने भरली होती.

पुढे एके दिवशी आई नाशिकला गेली असताना मी तबकडी सलग ऐकली. डोहाळ्यांचे निमित्त करूनच सीतेला वनात नेले गेले, ही कथेतील क्रूर विसंगती त्या दुपारी मला जशी कळली तशी नंतर कोणत्याही ग्रंथाने कळवली नाही. जे मागणे पुरवले जावे तेच शिक्षेचे साधन होते. सलग ऐकणाऱ्याला हा आघात एका गीताच्या अंतराने होतो. मला तो कित्येक वर्षांच्या अंतराने झाला.

सुई उचलण्याचे कारण आईने मी मोठा झाल्यावर, विचारल्यावर सांगितले. "ती पोर बसलेली असायची ना रे." शेजारच्या खोलीत एका जवानाची तरुण बायको राहत असे. त्याची बदली झाली, तिला मागे ठेवून तो गेला, आणि पुढे त्याची पत्रे येईनाशी झाली. ती संध्याकाळी आमच्याकडे गाणी ऐकायला येई. सीतेचा प्रश्न तिच्यासमोर वाजू नये एवढेच आईला पाहायचे होते. ती बाई कॅम्प सोडून गेली, त्यानंतरही आई त्या जागी सुई उचलतच राहिली.

५

हा अर्थ खासगी आहे. परंतु तोफांच्या आठवणीहून तो जातीने वेगळा आहे. सुई दुसऱ्या कोणत्याही जागी उचलून चालले नसते. एका स्त्रीच्या परिस्थितीने आईला संहितेतला नेमका तोच बिंदू दाखवला जिथे संपूर्ण मालिकेचा नैतिक भार एकवटला आहे. पुरुषस्वरात सहज वाहून जाणारे सीतेचे गाऱ्हाणे आपल्या खोलीत बसलेल्या बाईचेही आहे, हे आईने ओळखले. सुई उचलणे हे टीकाविधान होते, जरी ते शब्दांत केलेले नव्हते.

यातून एक कसोटी हाती लागते. श्रोत्याची आठवण कलाकृतीतल्या एखाद्या घटकाकडे बोट दाखवते काय? ती आठवण दुसऱ्या गीताला जोडली तर तिचा अर्थ बदलतो काय? उत्तर नकारार्थी असेल तर ते साहचर्य. ते आत्मचरित्रात शोभेल. होकारार्थी असेल तर ते अर्थनिर्णयन, आणि समीक्षेला ते नाकारता येणार नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त सौंदर्यसंकल्पनेला अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव असल्याचे १९७४ साली मांडले. आवडत्या ध्वनिमुद्रिकेचा श्रोता या दोन ध्रुवांमध्ये येरझारा घालत असतो, आणि त्याने एकाच टोकाला थांबावे असा आग्रह धरण्याचे कारण नाही.

या कसोटीवर एक आक्षेप संभवतो. श्रोत्याला स्वतःच्या आठवणीचे कारण दर वेळी ठाऊक असतेच असे नाही. 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे पडद्याआडून येते. त्यातला टोमणा दुष्यंताला लगेच कळतो, कारण तो वसुमतीवरून आपल्याला मारलेला आहे हे त्याला ठाऊक आहे. परंतु टोमणा कळल्यावरही एक हुरहूर शिल्लक उरते आणि तिचा उगम त्याला सापडत नाही. ही स्मृती तार्किकांना अभिप्रेत असलेली स्मृती नव्हे, असे अभिनवगुप्त तिच्याविषयी म्हणतो. 'गीतरामायणा'च्या पहिल्याच गीतात असा दुसरा राजा भेटतो. राम स्वतःचे चरित्र ऐकत आहे. गाणे आपल्याविषयी आहे हे त्याला पुरते माहीत आहे. तो उठून त्या मुलांना जवळ घेतो. पण ही पितापुत्रांची भेट आहे हे त्यालाही कळत नाही आणि मुलांनाही. गाण्यातला जो अर्थ सर्वांत अधिक त्याचा, तोच नेमका त्याला अज्ञात राहतो. म्हणजे कसोटी निकामी होत नाही. ती श्रोत्याने पहिल्या ऐकण्यातच उतरावी एवढी अपेक्षा मात्र सोडावी लागते. मला माझ्या आईची सुई समजायला वीस वर्षे लागली.

मालिकेचे शेवटचे गीत कथाकाळात पहिल्या गीताच्या आधीचे आहे. वाल्मीकी मुलांना गायला पाठवतात आणि संच पुन्हा पहिल्या तबकडीवर येतो. आता ती तबकडी घरात नाही. निर्दोष ध्वनिमुद्रण केव्हाही ऐकता येते आणि गीते एकामागून एक आपोआप वाजतात. डोहाळ्यांचे गीत संपते, क्षणभर शांतता होते, आणि त्या शांततेत अजूनही मला आईचा हात पुढे येताना जाणवतो. मग सीता बोलू लागते. मी ते गीत पूर्ण ऐकतो. परंतु खोलीत कोण बसले आहे, हे पाहिल्यावाचून ते लावत नाही.