साखरेच्या जागी एक पेशी

बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत मधमाशांवर काम करणाऱ्या मार्टिन हामर यांचा एक निबंध १९९३ साली 'नेचर'मध्ये छापून आला. जेमतेम पाच पानांचा. मधमाशी वास चटकन शिकते, हे तेव्हा सर्वांना ठाऊक होतं. हामर विचारतात ते असं: गोड चव लागली की 'हा वास लक्षात ठेव' असं मेंदूला सांगतं कोण? आणि उत्तर देताना साडेनऊ लाखांच्या आसपास पेशी असलेल्या त्या मेंदूत ते एकाच पेशीवर बोट ठेवतात. एवढं मोठं विधान इतक्या सावधपणे मांडलेलं फार क्वचित वाचायला मिळतं.

प्रयोगाची बैठक जुनीच आहे. मधमाशीला बर्फावर ठेवून सुस्त करायचं आणि लहानशा नळीत अशी अडकवायची की डोकं आणि स्पर्शिका तेवढ्या मोकळ्या राहाव्यात. स्पर्शिकेला साखरेच्या पाण्याचा थेंब टेकवला की ती सोंड बाहेर काढते. हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. मग आधी वास सोडायचा आणि लगोलग साखर द्यायची. एक-दोनदा असं झालं की पुष्कळ माशा नुसत्या वासावर सोंड काढू लागतात. हजारो फुलांतून मध असलेलं फूल निवडणाऱ्या जिवाला एवढ्या झटपट शिकणं भागच आहे.

हामर यांची पेशी अन्ननलिकेच्या खालच्या चेतागुच्छात असते. मेंदूतल्या बहुतेक पेशी डावी-उजवी अशा जोडीनं येतात. ही एकटी, मधोमध. तिचे फाटे मात्र दोन्हीकडे सारखे पसरलेले, आणि कुठे, तर नेमके वासाच्या वाटेवर. स्पर्शिकेकडून आलेला वास आधी सुमारे १६० बारीक गोळ्यांच्या पुंजक्यात पोचतो. तिथून एक वाट 'मशरूम बॉडीज' नावाच्या मेंदूतल्या भागांच्या पेल्यासारख्या तोंडांत उतरते, दुसरी मेंदूच्या कडेच्या भागात जाते. या तिन्ही ठिकाणी ही पेशी आधीच हजर असते. साखर लागली की ती जोरात धडधडू लागते आणि साखर दूर केल्यावरही बराच वेळ थांबत नाही.

आता निबंधाचा गाभा. हामर काचेची अतिसूक्ष्म सुई जिवंत माशीच्या याच पेशीत घालतात. वास सोडतात, आणि साखर द्यायच्या ऐवजी सुईतून किंचित वीज सोडून पेशी जागी करतात. थोड्या वेळानं तोच वास पुन्हा दिला तर सोंडेचा स्नायू हलू लागतो. माशीनं त्या वासाबरोबर साखर चाखलेलीच नाही, तरी ती शिकली. यातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते: ही पेशी जागी केल्यानं सोंड आपोआप बाहेर येत नाही. सोंड हलवणं तिच्या कामात बसत नाही. 'हे चांगलं होतं' एवढीच खबर ती देते.

पण शंकेखोर वाचक म्हणेल, विजेनं माशी नुसती उत्तेजित झाली असेल, शिकण्याचा इथे काय संबंध? ही शंका हामर यांनी आधीच हेरली आहे. दुसऱ्या काही माशांना ते तीच वीज आणि तोच वास देतात, फक्त क्रम उलटा: आधी पेशी, मागून वास. या माशा शिकत नाहीत. खऱ्या साखरेचंही असंच आहे; आधी साखर आणि मग वास दिला तर माशी त्यातून काही जोडत नाही. आधी येणारी गोष्टच पुढच्या गोष्टीची वर्दी देऊ शकते, हा शिकण्याचा मूळ नियम इथे एका पेशीच्या पातळीवर उघडा दिसतो. माझ्या मते निबंधाचा सर्वांत सुंदर क्षण हाच.

पुढे आणखी एक वळण आहे. माशी वास शिकली की ही पेशी त्या वासालाच प्रतिसाद देऊ लागते; मागून येणाऱ्या, आता अपेक्षित असलेल्या साखरेला मात्र तिचा प्रतिसाद क्षीण होतो. अवचित आलेल्या साखरेला ती पूर्वीसारखीच धडधडते. म्हणजे तिला गोडाइतकीच फिकीर अनपेक्षित गोडाची आहे. दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, माँटेग्यू, दायान आणि सहकाऱ्यांनी मधमाशीच्या फुलं निवडण्याचं गणिती प्रारूप मांडलं, ते याच पेशीच्या आधारावर.

ही पेशी ऑक्टोपमाइन नावाचं रसायन सोडते. हामर आणि रॅन्डॉल्फ मेन्झेल यांनी १९९८ मधल्या निबंधात वीजही बाजूला ठेवली आणि वासापाठोपाठ मेंदूत त्या रसायनाचाच सूक्ष्म थेंब सोडला. गोळ्यांच्या पुंजक्यात सोडला, माशी शिकली. मशरूम बॉडीजच्या तोंडाशी सोडला, तरी शिकली. कडेच्या भागातही तोच थेंब दिला. तिथे मात्र काहीच घडलं नाही.