धागेदोरे

खुनाचा तपास पुढे सरकला की आपल्या बातम्यांत एक वाक्य हमखास येतं : पोलिसांच्या हाती धागेदोरे लागले. इंग्रजीतल्या ‘क्ल्यू’ या शब्दाचं मूळही सुतातच आहे. त्याचा जुना अर्थ सुताचा गुंडा. ग्रीक पुराणकथेतला थीसियस भूलभुलैयातून बाहेर आला तो आरियाड्नीने दिलेल्या गुंड्याचं सूत धरून. मोनिका फेरिस यांच्या ‘क्रूएल वर्ल्ड’ (१९९९) या कादंबरीत हा विसरलेला संबंध पुन्हा जागा होतो. इथे खून होतो तो भरतकामाच्या सामानाच्या दुकानात, आणि त्याचा माग काढणारी बाई दिवसभर त्याच दुकानात लडी आणि सुया विकत असते.

नावापासूनच लेखिकेने टाका घातला आहे. ‘क्रूएल’ म्हणजे लिननवर पिळदार लोकरीच्या धाग्याने केलेलं भरतकाम. हाच उच्चार असलेल्या दुसऱ्या इंग्रजी शब्दाचा अर्थ क्रूर. मार्गो बर्गलुंड हिने आपल्या दुकानाला हे नाव दिलं आहे. ती हयात आहे तोवर त्या नावात लोकरीची ऊब आहे, ती गेल्यावर पाटीवरच्या त्याच अक्षरांतून दुसरा अर्थ ऐकू येऊ लागतो.

दुकान आहे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनीयापोलिसच्या पश्चिमेला, एक्सेलसियर या छोट्या गावात. गाव मिनेटोंका तळ्याच्या काठी वसलेलं. मिनेटोंका हे डकोटा लोकांच्या भाषेतलं नाव, त्याचा अर्थ मोठं पाणी. संसार मोडलेली बेट्सी डेव्हनशायर कॅलिफोर्नियातून उतरत्या वयाचं रितेपण घेऊन इथे बहिणीकडे, मार्गोकडे येते. तिला काही दिवस विसावा हवा असतो. नशिबी येतं ते बहिणीचं दुकान, दुकानावरचं घर, सोफी नावाची गलेलठ्ठ मांजर आणि बहिणीच्या खुनाचा शोध.

या कादंबरीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो लेखिकेचा धीर. कोझी मिस्टरी या प्रकारात रक्तपात दाखवत नाहीत, गाव लहान असतं आणि शोध घेणारा हौशी असतो. त्यामुळे पुष्कळदा मृतदेह ही केवळ कोड्याची सुरुवात ठरते. फेरिस घाई करत नाहीत. मार्गोला त्या आधी जगू देतात. गिऱ्हाइकाशी ती कशी बोलते, गावात तिचा शब्द कसा चालतो, बहिणीला ती कशी सामावून घेते, हे आपण पाहतो. म्हणून तिच्या मृत्यूनंतर दुकानातली एक जागा खरोखरच रिकामी होते. पोलिसांना तो चोरीच्या भरात झालेला खून वाटतो. बेट्सीला ते पटत नाही, कारण तिला कोड्याचं उत्तर नको असतं. आपलं माणूस का गेलं ते हवं असतं.

दर सोमवारी दुकानाच्या टेबलाभोवती काही मंडळी आपापलं काम घेऊन बसतात. या ‘मंडे बंच’चे प्रसंग कादंबरीतले सर्वांत रसाळ. सुरुवातीला त्यांची नावं एकमेकांत गुंततात खरी, पण हळूहळू प्रत्येकाचा आवाज वेगळा होतो. लेखिकेने एक मर्म अचूक टिपलं आहे. हात गुंतलेले आणि नजर कापडावर असली की जीभ सैल होते. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून जे बोलवत नाही, ते टाका घालताना सहज निघून जातं. अगाथा ख्रिस्तींची मिस मार्पलही विणता विणता ऐकत असते, पण तिथे विणकाम हा एका हुशार वृद्धेचा आडोसा आहे. इथे सगळं टेबलच विणतं आणि भरतं, त्यामुळे ऐकणारी आणि संशयित एकाच कोंडाळ्यात बसलेली असतात. दुकानात काम करणारा निष्णात गॉडविन हा समलिंगी तरुण आहे, आणि पोलीस दलातली जिल क्रॉसही हातात सुई धरणारी आहे. १९९९ साली हे कोंडाळं इतकं मोकळं रंगवलं गेलं, याचं मला विशेष कौतुक वाटतं.

आपल्याकडे ‘सुतावरून स्वर्ग गाठणं’ असं म्हणतात ते नावं ठेवायलाच. गावातली कुजबुज नेमकं तेच करते. बेट्सी मात्र या कलेत नवखी आहे, आणि तिचं नवखेपणच तिला वाचवतं. घरं मोजून भरायच्या नक्षीत एक टाका चुकला की पुढची सगळी नक्षी सरकते, मग उसवत चुकीपर्यंत मागे जावं लागतं. नव्याने शिकणाऱ्याला उसवण्याची लाज नसते. तपासातही ती तशीच वागते. एखादा संशय पक्का वाटला तरी मेळ बसेना की तो उसवते. भरतकाम शिकवणाऱ्या बाई कापड हातात घेतलं की आधी उलटं करतात. दोरा कुठून कुठे ओढला, गाठ कुठे लपवली, हे सुलट बाजू सांगत नाही. खुनी कोण ते इथे सांगणं बरं नव्हे, पण त्याच्यापर्यंत पोचायची वाट या उलट बाजूनेच जाते.

पुढे या मालिकेत २०१६ पर्यंत एकूण १९ कादंबऱ्या आल्या. त्यांतल्या बेट्सीचा हात सराईत होत गेला. मला मात्र पहिलीतला तो अवघडलेला हात अधिक जवळचा वाटतो, कारण बहिणीचं काम पुढे नेणं हीच तिची शोक करण्याची रीत आहे. गोष्ट संपल्यावर पुस्तकाच्या अखेरीस भरतकामाचा एक नमुना दिलेला आहे. खुनी सापडला, तरी मार्गोच्या दुकानातलं काम थांबलेलं नाही. आता सुई ओवायची ती वाचणाऱ्याने.