गाळातील जीवाणूंची ओळख : एका जुन्या चुकीच्या निमित्ताने

सांडपाण्यातील फॉस्फरस शोषून घेणाऱ्या गाळातून फूस व चेन यांनी १९७५ मध्ये ॲसिनेटोबॅक्टर वेगळा केला आणि पुढे दीर्घकाळ तोच या कार्याचा कर्ता मानला गेला. जो पोषक माध्यमावर जोमाने वाढतो तोच गाळातही प्रमुख असणार, असे त्यामागील गृहीतक होते. १९९० च्या दशकात चकाकणाऱ्या जनुकीय शोधकांच्या साहाय्याने गाळ थेट सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला, तेव्हा हा जीवाणू तेथे अल्पसंख्य ठरला. खरा दावेदार १९९९ मध्ये पुढे आला, तो 'कँडिडेटस ॲक्युम्युलिबॅक्टर फॉस्फॅटिस' या नावाने. शुद्ध संवर्धन हाती नसल्याने 'कँडिडेटस' हे उमेदवारीदर्शक उपपद त्याला चिकटले.

नामकरणाची परंपरागत संहिता आदर्श वाणाचे जिवंत संवर्धन दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत जमा करावयास सांगते. पडताळणीच्या दृष्टीने ही अट रास्तच आहे. परंतु तिच्यामुळे गाळातील बहुसंख्य, पण प्रयोगशाळेत न वाढणारे जीवाणू अधिकृत नावाविना राहतात. २०२२ मध्ये आलेल्या 'सीक्वेन्स कोड'ने जनुकसंचालाच आदर्श मानून ही कोंडी फोडली, हे स्वागतार्ह होय. तथापि गाळातून मिळणारा जनुकसंच बहुधा अनेक पेशींच्या तुकड्यांतून संगणकावर जुळविलेला असतो. त्यात शेजारच्या जीवाणूचा अंश मिसळू शकतो. शिवाय १६एस जनुकातील साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी भरले की प्रजाती नवी ठरते. ती गाळात नेमके काय करते, हे मात्र त्या आकड्यातून कळत नाही. ॲसिनेटोबॅक्टरच्या बाबतीत नाव अचूक होते, चुकले होते ते कार्य.