गुण आणि ‘व्यक्तिमत्त्व’ : प्रवेशपद्धतीच्या एका इतिहासाचा परामर्श

अमेरिकेतील निवडक महाविद्यालये परीक्षेतील गुणांबरोबरच अर्जदाराचा निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे, वर्गाबाहेरील कर्तृत्व, कौटुंबिक परिस्थिती आणि स्वभाव यांचा एकत्र विचार करून प्रवेश देतात. या पद्धतीस समग्र मूल्यमापन म्हणता येईल. गुणानुक्रमाच्या यादीला सरावलेल्या आपल्याकडील वाचकास ती अधिक उदार वाटावी, हे स्वाभाविक आहे. माणूस म्हणजे गुणांची बेरीज नव्हे, हे कोण नाकारील? परंतु या औदार्याचा उगम सुखद नाही, हे समाजशास्त्रज्ञ जेरोम कॅराबेल यांनी ‘द चोझन’ (२००५) या हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रवेशनीतीवरील ग्रंथात दाखविले आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डचा प्रवेश मुख्यतः परीक्षेवर अवलंबून असे. १९२२ पर्यंत तेथील नव्या विद्यार्थ्यांत ज्यूंचे प्रमाण एकपंचमांशाच्या घरात गेले. अध्यक्ष लॉवेल यांनी ते मर्यादित करू पाहिले. पण उघड मर्यादा अध्यापकवर्गाने मान्य केली नाही. पुढे १९२६ मध्ये ‘चारित्र्य’ व ‘व्यक्तिमत्त्व’ या कसोट्यांना महत्त्व देण्यात आले आणि अर्जासोबत छायाचित्र आवश्यक ठरले. उघड मर्यादेने जे साधले नव्हते, ते या दोन शब्दांनी साधले. गुणवत्तेची व्याख्या स्थिर नसून प्रबळ वर्गाच्या आदर्शांबरोबर बदलते, हा कॅराबेल यांचा सिद्धान्त संस्थांच्या दप्तरांतील पत्रव्यवहारावर उभा आहे, आणि हेच ग्रंथाचे खरे बळ होय.

तथापि, एवढ्यावरून ही पद्धत मुळातच त्याज्य आहे असे कोणी म्हणेल, तर तो निष्कर्ष घाईचा ठरेल. उत्पत्तीचा इतिहास म्हणजे मूल्याचा निर्णय नव्हे. १९७८ च्या बाकी खटल्यात न्यायमूर्ती पॉवेल यांनी हार्वर्डचीच पद्धत अनुकरणीय म्हणून पुढे केली, ती वांशिक वैविध्याच्या समर्थनार्थ. जे साधन एकदा दार लावण्यास वापरले गेले, तेच दार उघडण्यासही उपयोगी पडले.

मग दोष कोठे आहे? हार्वर्डविरुद्धच्या पुढील खटल्यात, २०१८ च्या सुनावणीत, आशियाई वंशाच्या अर्जदारांना व्यक्तिमत्त्वाच्या सदरात गोऱ्या अर्जदारांपेक्षा सरासरीने कमी श्रेणी मिळत असल्याचे पुढे आले. कनिष्ठ न्यायालयाने २०१९ मध्ये हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध झाला नाही असे ठरविले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून प्रवेशातील वंशाचा विचार घटनाबाह्य ठरविला. व्यक्तिमत्त्वाची कसोटी मात्र त्या निकालाने रद्द झाली नाही.

येथेच प्रश्नाचे मर्म आहे. गुणांची कसोटीही निर्दोष नाही. तिच्यामागे घरची सुस्थिती व शाळेचा दर्जा उभा असतो. परंतु गुणांत चूक झाली तर फेरतपासणी मागता येते. ‘व्यक्तिमत्त्वा’त उणा ठरलेल्याने कोणती फेरतपासणी मागावी? दोष समग्रतेत नाही, कारण न सांगण्याच्या मुभेत आहे. माणसाचा समग्र विचार करण्याचा अधिकार ज्या संस्थेस हवा, तिने आपल्या निर्णयाची कारणेही तितक्याच समग्रपणे लिहून ठेवली पाहिजेत.