पैलवानाचे चरित्र आणि मराठी लेखणी

मराठी चरित्रकारांनी संत, राजपुरुष, नट आणि गवई यांची जेवढी वास्तपुस्त केली तेवढी पैलवानाची केली नाही, असे आम्हांस वाटते. जे लेखन आढळते ते बहुधा विजयाच्या दिवसापासून सुरू होते. १९५२ साली हेलसिंकीस खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले. १९५९ साली दिल्लीत आमच्या सीमाभागातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे पंजाबच्या बंतासिंगाला हरवून पहिले 'हिंदकेसरी' झाले. ही वाक्ये सर्वांना पाठ आहेत. त्यांच्या आधीची वर्षे मात्र लेखक 'अपार मेहनतीने' या दोन शब्दांत उरकून टाकतो. वस्तुतः चरित्राचा ऐवज तेथेच असतो.

निपाणी-चिकोडीकडील जत्रेत पोराची पहिली कुस्ती रेवड्यांवर लागते, पुढे नारळावर, आणि पुष्कळ दिवसांनी रोख इनामावर. या चढणीत तो काय शिकतो? पट काढणे, घिस्सा मारणे हे तर खरेच. पण त्याआधी हौद्यातली माती उकरणे, वस्तादांपुढे गप्प राहणे, आणि आपल्या पेल्यातले दूध घरातील धाकट्यांच्या वाट्याचे आहे हे ओळखणे. इनाम हंगामी असते, खुराक रोजचा. पावसाळ्यात मैदाने बंद पडतात, दूध-बदाम बंद पडत नाहीत. अशा वेळी आधीच निकाल ठरवून खेळल्या जाणाऱ्या नूरा कुस्तीचा मोह किती बळकट असेल, याची कल्पना पगारदार वाचकाला यावयाची नाही. गौरवग्रंथ तर हा शब्दच टाळतात. नायकाला मोहच पडला नाही म्हटल्यावर त्याच्या निग्रहाचे मोल आम्ही कशावरून करावे?

आनंद यादव हे निपाणीजवळच्याच कागलचे. त्यांच्या 'नटरंग' या कादंबरीत (१९८०) पिळदार देहाचा गुणा तमाशापायी नाच्या होतो. कलेची किंमत माणूस देहाने कशी चुकवितो हे यादवांनी भाबडेपणा न करता दाखविले. कादंबरीकाराला जे साधले ते चरित्रकाराला का साधू नये? त्याच्याजवळ तर घडलेल्या गोष्टी आहेत. खाशाबांना हेलसिंकीस जाता यावे म्हणून प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ही हकीकत डोळे पुसण्यापुरती सांगितली जाते. ती हिशेब म्हणून वाचावी. पदकाने संसार चालला नाही, तो १९५५ साली मिळालेल्या पोलीस खात्यातील नोकरीवर चालला. मग पैलवानाने नोकरी कधी पाहावी, तालीम कधी सोडावी, हे प्रश्न चरित्राबाहेरचे कसे?

भाषेचाही एक मुद्दा आहे. आमच्याकडे तालमीला कानडीत गरडी म्हणतात. सीमेवरच्या पोराच्या कानांवर दोन्ही शब्द पडतात, आणि शड्डूचा आवाज दोन्हींकडे एकच. खंचनाळे २०२० साली निवर्तले. त्यांच्या पिढीचे चरित्र जो कोणी लिहील त्याने कोल्हापूरच्या तालमीपाशी न थांबता एकसंब्यापर्यंत यावे, आणि येताना थोडी कानडी शिकून यावे.