भयहास्य आणि स्थळ

विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त भयानक हा हास्याचा विरोधी रस मानला आहे. रोमान पोलान्स्कीच्या ‘द फिअरलेस व्हॅम्पायर किलर्स’ (1967) या चित्रपटात हा विरोध मावळतो. भयाची टिंगल केल्यामुळे नव्हे, तर भयाचे नियम काटेकोरपणे पाळल्यामुळे. त्यातील ट्रान्सिल्व्हानिया बनावट आहे. बर्फ इटालियन आल्प्समधील व्हाल गार्देनाचे, अंतर्भाग इंग्लंडमधील स्टुडिओतले. परंतु रक्तपिपासू झालेल्या शागाल या ज्यू खानावळवाल्यापुढे क्रूस धरला जातो, तेव्हा तो घाबरत नाही. तो क्रूस त्याचा नव्हेच! स्थळ उसने असूनही विनोद तेथील श्रद्धांतूनच उगवला आहे.

बेंगळूरनेही असा एक नियम घडविला होता. 1990 च्या दशकात तेथील काही वस्त्यांत घरांच्या दारांवर व भिंतींवर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहिलेले असे. आप्ताच्या आवाजात रात्री हाक मारणारे भूत ते वाचून परत फिरते, अशी समजूत होती. आणि दुसऱ्या रात्रीही अर्थातच तेच वाचते. ‘आज रोख, उद्या उधार’ ही वाण्याची पाटी ज्यांनी वाचली आहे, त्यांना या युक्तीची गंमत निराळी सांगावयास नको.

अमर कौशिक यांच्या ‘स्त्री’ने (2018) ही आख्यायिका मध्य प्रदेशातील चंदेरीत नेली आणि चित्रीकरणही तेथे केले. साड्यांच्या त्या गावी नायक बायकांचे कपडे शिवणारा शिंपी असावा, ही योजना चोख आहे. भूत साक्षर असल्याचा विनोदही पंकज त्रिपाठींच्या संथ गांभीर्यामुळे रंगतो. तरीही स्थलांतरात एक मोलाची गोष्ट सुटली, असे म्हणावे लागते. तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी अशा अनेक भाषा दारोदार बोलल्या जाणाऱ्या शहरात, आपल्या माणसाच्या आवाजात आलेली हाक हे केवढे प्रलोभन! आणि तिला उत्तर लिहावयाचे ते मात्र कन्नडात. चित्रपटातील स्त्री पुरुषाला त्याच्या नावाने हाक मारते. आवाजाचे ते कपट तेथे उरत नाही.

शेवटी भिंतीवरील मजकूर बदलून ‘ओ स्त्री, रक्षा करना’ असा होतो. हा बदल हेतूने उदात्त असेल. पण उधारी लांबविणाऱ्या माणसाची लबाडी त्यात संपते, आणि हसू तिच्यावरच तर उभे होते.